जिन्याखालची रेसर

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली वाकून बघा. लाइटच्या मीटरखाली, कुणाच्या तरी बंद पडलेल्या कूलरच्या आणि गणपतीच्या जुन्या मखराच्या मागे एक सायकल हमखास असते. चाकांतली हवा गेलेली, चेन तांबूस, सीट उंदरांनी कुरतडलेली. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं असेल, तर जरा थांबा. ती भंगारात जायच्या आधी कुणाची आहे ते विचारा.

आमच्याकडे अशी एक होती आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती किलोच्या भावाने जाणार होती. भंगारवाल्याने काटा लावलासुद्धा. तेरा किलो. आईने भाव ठरवला आणि मी उगाच, अगदी उगाच, ‘थांबा’ म्हणाले. त्या एका ‘थांबा’पायी पुढचे पाच महिने, इंटर्नशिपचा जवळजवळ सगळा स्टायपेंड आणि माझी दोन नखं गेली.

सायकल आजोबांची. आजोबा अंबरनाथला ‘विम्को’त होते, काडेपेट्यांच्या कारखान्यात. घर बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूला. दोन स्टेशनांमधलं अंतर आठ किलोमीटर. पहिल्या पाळीसाठी लोकलची वाट बघण्यापेक्षा सायकल बरी, म्हणून १९७८ साली त्यांनी ही घेतली, तीही कुणीतरी वापरलेली. मडगार्ड-कॅरिअरवाली साधी काळी सायकल सोडून रेसर घेतली, यावरून आजी त्यांना अजून टोमणे मारते. जेवणाचा डबा लावायला जागा नाही अशी सायकल संसारी माणूस घेतो का, हा तिचा मुद्दा. पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला कधीच पडलाय, आता रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलीत. आजोबा ठामपणे सांगतात ‘इंग्लंडची आहे’. उल्हासनगरच्या दुकानातले काका तितक्याच ठामपणे म्हणाले, ‘लुधियाना!’

आजोबांना या रेसरचं वेड लागलं ते मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ही शर्यत ठाऊकही नसेल. मुंबईहून निघालेले सायकलपटू खोपोलीला पोचतात आणि तिथून बोरघाट चढतात. घाट सगळ्यात आधी जिंकणारा ‘घाटाचा राजा’. शर्यत कोण जिंकलं ते लोक विसरतात, पण घाटाचा राजा कोण झाला ते खोपोलीच्या चहाच्या टपरीवर वर्षभर चालतं, असं आजोबा सांगतात. ते दोनदा कर्जत लोकलने शर्यत बघायला गेले होते. शर्यत त्यांनी कधी केली नाही. पण शर्यतीतल्यासारखं हँडल हवं होतं.

मग २६ जुलै २००५. उल्हास नदी आमच्या घरात आली. मी दोन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. तळमजल्यावर ठेवलेली सायकल मात्र पूर्ण बुडाली होती. पाणी ओसरल्यावर आजोबांनी तिला धुतलं, पुसलं आणि जिन्याखाली उभं केलं. तोवर त्यांचे गुडघे गेले होते. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर माणसांची सुटका करावी लागली, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. त्या दिवशी आमची सायकल दुसऱ्यांदा बुडाली. या वेळी कुणी धुतलीसुद्धा नाही.

व्हिडिओतले बोल्ट नेहमी फिरतात

तुमच्यासारखीच मीही सुरुवात मोबाइलवरून केली. रिस्टोरेशनचे व्हिडिओ असतात ना, बारा मिनिटांत गंजाचा गोळा आणि मग चकाचक सायकल? मी असे तीस-चाळीस बघितले. त्यांत एक गोष्ट कधीच दाखवत नाहीत. पाना लावल्यावर बोल्ट न फिरणं. माझ्याकडे पहिला आठवडा दुसरं काही झालंच नाही.

सीटचा दांडा नळीत जाम. तेल सोडा, रात्रभर थांबा, हातोडीने हलकेच ठोका, पुन्हा तेल सोडा, असं चार दिवस. क्रँकच्या कॉटर पिना जाम. जुन्या सायकलींत क्रँक आणि आतल्या एक्सलला जोडणारी एक बारकी तिरकी पिन असते, तिला कॉटर म्हणतात. मी सरळ हातोडा घातला आणि पहिल्याच घावात पिनेचं डोकं वाकलं. (खालून क्रँकला लोखंडी पाइपचा आधार द्यायचा असतो. हे मला नंतर कळलं.) मग क्रँकच्या नळीतला उजवीकडचा कप. तो मी अर्धा तास जीव खाऊन फिरवला आणि तो आणखी घट्ट झाला, कारण त्याचे आटे उलटे असतात. डाव्या पॅडलचंही तसंच. तुम्ही कधी जुनी सायकल उघडलीत तर एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, माझं दुसरं नख वाया जाणार नाही.

शेवटी आजोबाच म्हणाले, ‘अगं, कॅम्पात घेऊन जा.’

आमच्याकडे कॅम्प म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, पण कॅम्प एक ते पाच हे पत्ते तसेच राहिले. ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तुम्हीही केला असेल. मीही करायचे. पण विचार करा, ज्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं त्या लोकांनी वसवलेल्या गावात वस्तू दुरुस्त करणाऱ्यांची पहिली पिढी किती तयारीची असेल! कॅम्प तीनमधल्या ज्या दुकानात मी गेले, ते काकांच्या वडिलांनी बराकीच्या ओट्यावर सुरू केलं होतं. आज अर्ध्या दुकानात सायकली आहेत आणि अर्ध्यात काकांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. कुठल्या अर्ध्यात गर्दी असते ते सांगायला नको.

काकांनी सायकल बघितली, मला बघितलं आणि विचारलं, ‘बेटा, ओव्हरऑइलिंग करना है या नई बनानी है?’

ओव्हरऑइलिंग म्हणजे ओव्हरहॉलिंग. सायकलच्या दुकानात शंभर वर्षं तरी हाच शब्द चालत असावा आणि मला तो मूळ शब्दापेक्षा जास्त पटतो. पण काकांचा प्रश्न सोपा नव्हता. जुनी सायकल हातात आली की दोन वाटा असतात. एक, होती तशी करायची: तेच पार्ट, तोच रंग. दुसरी, सांगाडा जुना ठेवून बाकी सगळं नवं चढवायचं. इटलीत गायोले नावाच्या गावात १९९७पासून ‘लेरोइका’ नावाची राइड होते. तिथे १९८७च्या आधीचीच रोड सायकल चालते, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या वायरी बाहेरून गेलेल्या हव्यात. म्हणजे पहिली वाट, अगदी नियमासकट. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तेही याच वाटेवरचं. दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपरची घडी घालता येणारी सायकल तिथे आहे, एकदा बघून या. पण संग्रहालयातल्या सायकलीला अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यावर ट्रकच्या मागे अचानक ब्रेक मारावा लागत नाही. मला लागतो. ‘काका, मला चालवायचीय,’ मी म्हणाले.

‘फिर पहले हड्डी देखो,’ काका म्हणाले.

नदीतला गाळ

हड्डी म्हणजे फ्रेम. रंग, चाकं, हँडल सगळं बदलता येतं, फ्रेम गेली की सायकल गेली. आणि ती तपासायला लागतो फक्त एक दोरा. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो तिथल्या एका खाचेला दोरा बांधायचा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणायचा आणि ताणायचा. मग मधल्या, म्हणजे सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. सारखं असेल तर फ्रेम सरळ. आमची दीड मिलिमीटरने डावीकडे. काकांनी हात हलवला, चालतंय. मग हँडलच्या नळीच्या मागे, वरच्या-खालच्या नळ्यांच्या खालून बोट फिरवायचं. कधी समोरून धडक बसली असेल तर तिथे पत्र्याला सुरकुती लागते. लागली नाही.

मग काकांनी सीटचा दांडा काढून फ्रेम उलटी केली आणि हातोडीच्या मुठीने नळी ठोकली. आतून माती पडली. आधी भुकटी, मग खपल्या, मग क्रँकच्या नळीतून ओंजळभर, करडी, मऊ. २००५ची की २०१९ची कोण सांगणार. मी ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घरी आणली. आजी म्हणाली, ‘टाक ती घाण.’ मी अजून टाकलेली नाही.

पण माती पडली म्हणजे इतकी वर्षं आत ओल होती. काकांनी फ्रेमच्या मागच्या दोन आडव्या नळ्यांपैकी डावीवर, क्रँकच्या अगदी जवळ, स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं आणि ते आत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. भोक डाळीच्या दाण्याएवढं, पण काकांनी आजूबाजूचा रंग खरवडला तर दोन बोटं जागा पापडासारखी झाली होती.

मला वाटलं, संपलं. खरं सांगू? सुटकाही वाटली. तोपर्यंत मी हजार-दीड हजारच घालवले होते.

काका म्हणाले, वेल्डिंग करायचं नाही. सायकलच्या नळ्या पातळ असतात, वेल्डिंगच्या आचेने शेजारची बरी जागासुद्धा कमजोर होते. जुन्या सायकलींत नळ्यांचे सांधे पितळी झाळ देऊन जोडलेले असतात, म्हणजे लोखंड वितळवत नाहीत, त्याहून कमी तापमानाला वितळणारं पितळ फटीत ओततात. तसंच ठिगळ लावायचं. तसं काम करणारा माणूस काकांनी सांगितला, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत. तिकडे मशिनचे पार्ट बनवतात, सायकल घेऊन आलेली बहुधा मी पहिलीच. त्यांनी खराब भाग घासून काढला, योग्य मापाच्या नळीचा अर्धगोल तुकडा वर बसवला आणि झाळ दिली. वीस मिनिटं लागली. पैसे विचारले तर चहाचे म्हणून शंभर घेतले आणि एक वाक्य बोलले: ‘सांध्याची गॅरंटी देतो, पाइपची नाही.’

हे वाक्य मी या लेखात मुद्दाम लिहितेय. जुन्या सायकलींबद्दल वाचताना सगळे ‘स्टील इज रिअल’ वगैरे म्हणतात आणि स्टील खरंच दुरुस्त होतं, अॅल्युमिनियम किंवा कार्बनला असं ठिगळ लावता येत नाही. पण आतून किती गंजलंय ते बाहेरून कळत नाही. म्हणून मी ठरवलं की ही सायकल गावात चालेल, घाटात नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रुपचा खोपोलीहून बोरघाट चढायचा बेत होता. मी त्यांना आजोबांच्या रेसरवर येते असं मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. चढताना काही झालं नसतं कदाचित, पण उतरताना चाळीसच्या वेगाला ती नळी मोडली तर? मी त्या राइडला गेलेच नाही. आजोबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांना मनातून ती घाटात जायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

चकचकीत चिमटा

आता माझी चूक. फ्रेम झाळवाल्यांकडे होती तेव्हा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, घरी होता. मला घाई. व्हिडिओत बघितल्याप्रमाणे मी तो पावडर कोटिंगला दिला. त्यात आधी वाळूचा मारा करून जुना रंग उडवतात, मग रंगाची पूड चिकटवून भट्टीत भाजतात. तीन दिवसांनी चिमटा आला तो काळाभोर, नव्या स्कूटरसारखा. आट्यांतही रंग भरून बसलेला, तो काढायला काकांना तासभर लागला. पण खरी गोष्ट वेगळीच. आजोबांनी चिमटा हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, ‘यावरच्या रेघा?’

दोन्ही पायांवर पांढऱ्या रेघा होत्या, केसाएवढ्या, ब्रशने हाताने ओढलेल्या. गंजाखाली मला दिसल्याच नव्हत्या. आता त्या कुठेच नाहीत.

फ्रेमला म्हणून मी भट्टी दाखवली नाही. ओल्या फडक्याने, मग पॉलिशने, बोटाएवढी-बोटाएवढी जागा घेत तीन रविवार पुसली. मूळचा रंग निळा निघाला, मोरपिसाच्या जवळचा. जिथे रंग उडालाय तिथे फक्त गंज घासून वर पारदर्शक लॅकर. वरच्या नळीवर पेंटरने पिवळ्या अक्षरांत काढलेला आजोबांचा कारखान्यातला टोकन नंबर आहे, अर्धा पुसलेला. तो आता तसाच राहील. क्रोमच्या भागांसाठी किचनमधली फॉइल पाण्यात बुडवून घासा, फुकटात चमकतं. नळ्यांच्या आत पुन्हा ओल धरू नये म्हणून काकांनी इंजिन ऑइल सोडून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली. बाहेरच्या देशांत यासाठी जवसाचं तेल वापरतात म्हणे, आमच्याकडे जवसाची चटणी होते, तेल कोण सोडणार!

तर सायकल आता अशी आहे: फ्रेम विटकी निळी, चिमटा नवा काळा. विजोड. बघणारे विचारतात, मी सांगते.

छत्तीस आणि चाळीस

अपग्रेडचा विषय निघाला की सगळ्यांना गिअर आठवतात. माझं मत विचाराल तर आधी ब्रेक. जुनी रिम लोखंडी, वर क्रोम. ती पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं, सायकल थांबते ती देवाच्या मनात येईल तेव्हा. आपल्याकडे चार महिने पाऊस. अॅल्युमिनियमच्या रिमवर तेच रबर कितीतरी चांगलं धरतं. म्हणून मी ऑनलाइन दोन अॅलॉय रिम मागवल्या, छत्तीस भोकांच्या, ऑफर होती. काकांना नेऊन दिल्या. काका पोट धरून हसले आणि म्हणाले, ‘गिन.’

मी जुन्या चाकांच्या तारा मोजल्या. पुढे बत्तीस, मागे चाळीस. इंग्लिश पद्धतीच्या सायकलींत हे असंच असायचं, मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून तारा जास्त. आपल्याकडच्या साध्या सायकलींनी तीच पद्धत उचलली. म्हणजे जुन्या हबला माझी एकही रिम बसत नव्हती. नवे हब घ्यावे लागले.

त्यातही माप आलंच. माझ्या फ्रेममध्ये मागच्या चाकासाठी दोन खाचांमधली जागा ११० मिलिमीटर. आठ-दहा गिअरवाल्या रोड सायकलींच्या हबला १३० लागते. स्टीलची फ्रेम थंड अवस्थेत ताणून पसरवता येते, काकांनी आटेवाला रॉड आणि दोन नट लावून हे किती तरी वेळा केलंय. पण ज्या नळीला कालच ठिगळ लावलं ती पसरवायची? काका नाही म्हणाले, मीही नाही म्हणाले. गिअरचा विषय तिथेच संपला. ११०चाच हब, एकच गिअर.

टायर घेताना आणखी एक खड्डा आहे. जुन्या रेसरचं चाक बहुतेक ‘२७ इंची’, नव्याचं ‘७०० सी’. दुकानदार दोन्हीला ‘मोठं चाक’ म्हणतो, पण टायर एकमेकांना बसत नाहीत. टायरच्या कडेवर बारीक आकडे असतात ते वाचा: शेवटी ६३० असेल तर जुनं, ६२२ असेल तर नवं. व्यासात आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ब्रेकचं रबर चार मिलिमीटर खाली सरकायला हवं. माझ्या जुन्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होती, नशीब.

चाक विणण्याचं काम काकांनी मला करू दिलं. छत्तीस तारा, प्रत्येक तार तिघींना ओलांडून जाते. पहिल्यांदा विणलं तेव्हा हवा भरायच्या भोकावरच दोन तारा एकमेकींकडे झुकल्या, पंप लागेना. सगळं उसवलं. दुसऱ्यांदा बरं जमलं. मग आऊट काढायचा. सायकल उलटी, चाक फिरतंय, काका रिमच्या जवळ खडू धरून बसलेले. जिथे खडू टेकतो तिथे रिम बाहेर आलीय. त्या बाजूची तार पाव फेरा सैल, समोरची पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरव. मला दीड तास लागला आणि तरी काकांनी नंतर हात फिरवलाच. त्या दीड तासात पलीकडच्या अर्ध्या दुकानात त्यांच्या मुलाने अकरा कव्हरं विकली होती. मी मोजत होते. एका चाकाचा आऊट काढायचे काका जेवढे घेतात तेवढ्यात आपण कॉलेजच्या कॅन्टीनला दोन वडापाव आणि चहा घेतो. तुम्हाला मी ‘त्यांची कला जपा’ वगैरे सांगणार नाही. फक्त पुढच्या वेळी घासाघीस करू नका.

एकच गिअर असला तरी तो बदलता येतो, हे मला आधी माहीत नव्हतं. पुढे अठ्ठेचाळीस दातांचं चक्र, मागे अठराचं फ्रीव्हील, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल जवळजवळ पावणेसहा मीटर जायची. आजोबांच्या पायांना ते ठीक होतं. मी वीस दातांचं फ्रीव्हील टाकलं, नवं चाकही किंचित लहान, आता साधारण पाच मीटर जाते. उड्डाणपूल चढताना जीव निघत नाही. सगळ्या अपग्रेडमध्ये हाच सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात जास्त जाणवलेला.

मापाचंही सांगते, कारण जुनी सायकल फुकट मिळाली म्हणून कुणीही कुठलीही चालवतं. वरच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. जमिनीला तळवे टेकून दांडा खाली मोकळा राहत नसेल तर ती सायकल तुमची नाही, भावाला द्या. आजोबा माझ्यापेक्षा एक इंचच उंच, त्यामुळे मी जेमतेम बसते. हात मात्र पुरत नव्हते. हँडल धरणारा पुढचा तुकडा, स्टेम, चार सेंटिमीटर आखूड घेतला तेव्हा पाठ दुखायची थांबली.

एकूण खर्च साडेसात हजारांच्या आसपास. एवढ्यात बाजारात नवी साधी सायकल आली असती, हे आईने तीन वेळा सांगितलंय. बरोबर आहे तिचं.

सायकल तयार झाली तेव्हा आजोबांनी खुर्ची अंगणात मागवली. चेनवर अंगठा दाबला, अर्धा इंच खाली जाते का बघितलं. मागचं चाक फिरवून कान लावला. ब्रेक दाबला. ‘कुठे जाणार?’ मी म्हटलं बॅरेजपर्यंत. ‘अंबरनाथला जा,’ म्हणाले. म्हणून मी अंबरनाथला गेले. बदलापुरातून सकाळी साडेसहाला, त्यांच्या पाळीच्या वेळेला. रस्ता त्यांच्या काळातला राहिलेला नाही, रिक्षा, डंपर आणि धूळ. शिवमंदिराच्या कमानीपाशी थांबून मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. मंदिर १०६० सालचं, सायकल त्या मानाने नवीच. आजोबांनी मंदिराकडे बघितलंच नाही. ‘कॅमेरा खाली कर,’ म्हणाले, ‘ठिगळ दाखव.’

दर रविवारी घरी आले की ते ठिगळ बघतात. भोवती रंगाला तडा गेलाय का, ते नखाने तपासतात. मला तसं करायला शिकवलंय. अजून तरी काही नाही.

तुमच्या जिन्याखाली काही सापडलं आणि कॅम्पात न्यायचं ठरवलंत, तर दोन गोष्टी. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, काका दुकान उघडतच नाहीत. आणि कॉटर पिनेला घरी हातोडा लावू नका.